काळी नदीचा उगम व सुगौलीच्या तहाचें पांचवें कलम

कुमाऊं व पश्चिम नेपाळ यांमधून वाहणाऱ्या काळी नदीस नेपाळांत महाकाली व खालीं मैदानांत शारदा म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनी व नेपाळ यांमधील सुगौलीच्या तहावर ता. २ डिसेंबर १८१५ रोजीं सह्या झाल्या व ता. ४ मार्च १८१६ रोजीं तो कायम झाला. त्याच्या पांचव्या कलमान्वयें काळीच्या पश्चिमेकडील मुलुखावरील हक्क नेपाळच्या राजानें सोडला. कलमांत नदीचें नांव आहे; तिचा उगम कोणता, हें मात्र सांगितलेलें नाहीं. पुढील सर्व वाद या मौनांतूनच उत्पन्न झाला.

प्रथम नदीचा ओघ पाहूं. व्यांस परगण्यांत गुंजी येथें दोन प्रवाह मिळतात. एक कुठी यांक्ती. ती वायव्येस लिंपियाधुऱ्याकडून येते. दुसरा लिपुलेख घाटाच्या बाजूनें कालापानीवरून येतो. पुढें तवाघाटास धौलीगंगा, जौलजीबीस गोरी व पंचेश्वरास कुमाऊंची सरयू मिळते. टनकपुराजवळ नदी डोंगर सोडते व अखेर घागरेस मिळते. गुंजीखालीं काळी कोणती, याविषयीं कोणासही शंका नाहीं. वाद आहे तो संगमाच्या वरचा.

तो तहाइतकाच जुना आहे. सन १८१७ मध्यें नेपाळच्या मागणीवरून नदीच्या पूर्वेकडील टिंकर व छांगरू हीं गांवें त्यास मिळालीं. पुढें कुठी व नाबी या गांवांचीही मागणी झाली. ती कंपनीनें अमान्य केली. कुठी यांक्तीचा प्रवाह मोठा, म्हणून तीच खरी काळी, असें नेपाळचें म्हणणें. उलट, कालापानीचा प्रवाह लहान असला तरी नदीस नांव त्यावरूनच पडलें, असा पक्ष अ‍ॅटकिन्सन यानें आपल्या गॅझेटियरांत नमूद केला आहे.

म्हणजे एक पक्ष परिमाणावर, तर दुसरा रूढीवर उभा आहे. शब्दार्थाच्या निर्णयांत रूढि बलवत्तर, हें मीमांसकांचें मत प्रसिद्धच आहे. परंतु रूढि कोणाची व कोणत्या सालची, हा प्रश्न उरतोच. तहाचा अर्थ तहाच्या काळच्या रूढीनें लावावयाचा. साठ-सत्तर वर्षांनंतर लिहिलेला ग्रंथ त्या रूढीचा साक्षात् पुरावा होत नाहीं. सन १८२७ व १८५६ चे नकाशे नेपाळ पुढें करतो, तेही तहानंतरचेच.

सन २०२० च्या मे महिन्यांत लिपुलेखाकडील रस्त्याचें भारतानें उद्घाटन केलें व त्याच महिन्यांत नेपाळनें लिंपियाधुऱ्यापर्यंतचा मुलूख दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला. तेव्हां हा विषय केवळ जुन्या दप्तरांचा नाहीं. तरी निर्णयास उपयोगी पडेल तें दप्तरच: व्यांसांतील सन १८१६ पूर्वीचे वसुलाचे कागद, सनदा व महजर. त्यांत वरच्या प्रवाहास काळी म्हटलेला एक अस्सल मितीचा कागद मिळाला, तर त्याचें मोल मागाहून काढलेल्या दहा नकाशांहून अधिक होईल. संग्राहकांनीं त्या दृष्टीनें आपलीं दप्तरें पाहावीं, इतकीच विनंति.