शेख महंमदबाबांचे राहून गेलेले चरित्र

आधी माझीच एक चूक तुमच्यापुढे ठेवतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझी सेवा होती. निरूपणात शेख महंमदबाबांचे चरित्र सांगायचे ठरवून गेलो होतो. कीर्तनाआधी व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी एकाने बाजूला घेऊन हळूच सांगितले, "महाराज, ते नाव आज नको. गावात वातावरण बरं नाही." मी ते गाळले. टाळकऱ्यांना काही कळलेही नाही. मात्र मंडपाच्या दिव्यांचे काम पाहणारे एक मुसलमान म्हातारबाबा आरतीनंतर पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, बाबांचं राहिलं." मी म्हणालो, वेळ झाला. वेळ झाला नव्हता.

माऊली, ज्यांचे नाव मी गाळले ते कोण होते? श्रीगोंदे, जुन्या काळचे चांभारगोंदे, हे त्यांचे स्थान. जन्म मुसलमान घरचा. शके १५६७, म्हणजे इ. स. १६४५ साली त्यांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ पुरा केला. तेव्हा देहूत तुकोबाराय होते. ग्रंथाचे अठरा प्रसंग आहेत. नाव संग्राम असले तरी युद्ध आतले आहे. जीव आपल्याच विकारांशी झुंजतो. ढोंग दिसले की बाबा हिंदूला सोडत नाहीत आणि मुसलमानालाही सोडत नाहीत. आपण अविंध आहोत हेही ते लपवीत नाहीत. त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा सांगते की देवगिरीच्या जनार्दनस्वामींवरही याच बोधल्यांची कृपा. म्हणजे बाबा जनार्दनस्वामींचे गुरुबंधू, आणि त्या नात्याने आपल्या नाथमहाराजांचे काकागुरू झाले. मालोजीराजांनी त्यांना मठासाठी जागा दिली, असेही सांगतात.

पूर्वी सगळे गोडीगुलाबीचे होते, असे मात्र मी म्हणणार नाही. नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' काढून पाहा. दोघे एकमेकांच्या देवाचे, आचाराचे उणे काढतात आणि भाषाही मवाळ नाही. आज कोणी ते चौकात म्हटले तर पोलीस बोलवावे लागतील! पण नाथ भांडण पुरे होऊ देतात, मधेच कोणाचे तोंड दाबीत नाहीत, आणि शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. मी त्या रात्री भांडणही टाळले आणि आलिंगनही.

देहूची गोष्ट तर तुम्ही पायांनी चाललेली आहे. तुकोबारायांची पालखी देहू सोडताना अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, आरती होते, मग पुढे निघते. फकिराचा कटोरा कशानेच भरेना, तो तुकोबांच्या लेकीच्या चिमूटभर पिठाने भरला, ही कथा आपण लहानपणी ऐकली. तिथे थांबताना जागा कोणाची, असे आजवर मला कोणा वारकऱ्याने विचारलेले नाही.

श्रीगोंद्यात मात्र तो प्रश्न आता उभा राहिला आहे. बाबांच्या स्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, कागदावर कोणते नाव, कारभार कोणाचा, यावरून अलीकडे आंदोलने झाली. दोन्ही बाजूंना बाबा आपलेच वाटतात. पूर्वी एकाच ओट्यावर कोणी फुले ठेवी, कोणी चादर घाली, आणि लोक दोन्ही नावे घेत. कागदाला एकच नाव लागते. न्यायनिवाडा करणारा मी कोण? पण हा वाद ऐकून 'योगसंग्राम' किती जणांनी उघडला, एवढे विचारावेसे वाटते.

आता माझा आवाज बसला आहे, उभे राहून दोन तास बोलणे जमत नाही. आमच्या फडातला एक मुलगा माझ्या निरूपणाच्या वह्या उतरवून नेतो. बाबांचे चरित्र त्यात नव्हते, कारण त्या रात्रीनंतर मी ते पुन्हा कधी सांगितलेच नाही. परवाच्या एकादशीला बसून पाच पाने लिहिली आणि त्याच्या हाती दिली. पुढच्या महिन्यात त्याची सेवा त्याच गावी आहे.