बुंद भाजताना

गेल्या पावसाळ्यात शनिवार पेठेतील आमच्या स्वयंपाकघरात चिकमगळूरहून आणलेल्या कॉफीच्या कच्च्या बिया आम्ही लोखंडी कढईत भाजल्या. हिरवट-करड्या, गवतासारखा वास असलेल्या त्या बिया मंद आचेवर आधी पिवळ्या, मग दालचिनीच्या रंगाच्या झाल्या. पुढे लाह्यांसारख्या तडतडू लागल्या आणि त्यांचे पापुद्रे सुटून ओट्यावर उडाले. ते पाखडायला सूप शोधावे लागले. पाव किलो बिया भाजल्यावर दोनशे दहा ग्रॅमच्या आसपास भरल्या. परतणे, तडतडणे, पाखडणे ही क्रियापदे भाजणीची आणि शेंगदाण्यांची. कॉफीसाठी नवे क्रियापद लागले नाही. अडले ते नामापाशी. हातातल्या वस्तूला मराठीत म्हणायचे काय? ‘कॉफी’ हे पेयाचे नाव. ‘कॉफीची बी’ हा नुसता खुलासा झाला.

असा शब्द मराठीत होता. जुन्या कोशांत तो ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ म्हणून सापडतो. अरबीत बीला ‘बुन्न’ म्हणतात आणि पेयाला ‘कहवा’. या दोन शब्दांचे प्रवास निराळे झाले. ‘कहवा’ तुर्कस्तान आणि युरोप फिरून, ‘कॉफी’ होऊन इंग्रजीच्या हाताने आपल्याकडे आला. ‘बुंद’च्या रूपावर मात्र युरोपाचा ठसा नाही, तो अरबी समुद्रावरील जुन्या व्यापाराची आठवण देतो. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी मोख्याहून सात बिया चंद्रद्रोण डोंगरावर आणल्या, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तीही बियांचीच गोष्ट आहे, पेल्याची नव्हे.

कोरडा जिन्नस आणि भरलेला पेला यांतील भेद पुण्याला चांगलाच ठाऊक होता. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करवली, आणि न्यायमूर्ती रानडे व टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचे बालंट आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि अखेर प्रायश्चित्तापर्यंत गेले. हा वाद चहाच्या पत्तीविषयी नव्हता. चहा कोणाच्या घरी, कोणाच्या हातचा घेतला, याविषयी होता. भडभुंज्याकडचे फुटाणे सोवळ्याच्या घरातही चालत. पाणी लागलेले परहातचे अन्न चालत नसे. बुंदाची जागा या व्यवस्थेत फुटाण्यांच्या बाजूची होती, असे आम्हांस वाटते. बी उंबरा ओलांडू शके. तिचे पेय मात्र घरच्याच चुलीवर, घरच्याच हाताने व्हावे लागे. तो हात अर्थातच घरातील बाईचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पेस्तनजी एदलजी यांनी कॉफी भाजून, दळून विकण्याचा उद्योग सुरू केला. ‘पोलसन’चे लोणी सर्वांना आठवते, पण त्या नावाचा आरंभ कॉफीपासून, पुढे चिकोरी मिसळलेल्या कॉफीपासून झाला. कॉफी अशी तयार पूड होऊन डब्यातून येऊ लागल्यावर घरोघरी भाजण्याचे कारण उरले नाही. चुलीपुढचे श्रम वाचले हे उत्तमच झाले; ते श्रम ज्यांनी केले नाहीत त्यांनी त्यांविषयी हळहळू नये. परंतु कच्ची बी दृष्टीआड झाली, तसा तिचा शब्दही वापरातून गेला. एका शब्दामागे एक कौशल्यही गेले: खमंग कोठे संपते आणि करपट कोठे सुरू होते, हे कानाने आणि नाकाने ओळखण्याचे.

जुन्या मजकुराचे संपादन करताना ‘बुंद’ भेटला, की ‘बुंद म्हणजे कॉफी’ अशी टीप देऊन पुढे जाण्याचा मोह होतो. आम्हीही वर्गात तसेच सांगत आलो. ती टीप चुकीची नाही, पण अपुरी आहे. कॉफी पितात, बुंद आणावा, निवडावा, भाजावा, पाखडावा, कुटावा लागतो. टिपेत हे एक वाक्य वाढवले, तर वाचकाला त्या घरातली चूल दिसेल आणि तिच्यापुढे बसलेली व्यक्तीही.

आमचा पहिला घाणा करपला, हेही नोंदवून ठेवतो. दुसऱ्या वेळी कढई चार मिनिटे आधी उतरवली.