निवारा केंद्र, आपत्कालीन
पूर, चक्रीवादळ किंवा धोकादायक इमारतीमुळे घर सोडावे लागलेल्यांची तात्पुरती सोय. बहुधा शाळेत वा समाजमंदिरात. उदाहरणार्थ, भाईंदर पूर्वेतील खारी परिसराजवळ वसईची खाडी व मिठागरे आहेत. अशा सखल पट्ट्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की निचरा रखडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला होता. म्हणून सोबत न्यायची पिशवी मेअखेरीसच भरावी: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आधार व शिधापत्रिका, पाणी, चिवडा, बॅटरी, सतरंजी, सॅनिटरी पॅड. मधुमेह, रक्तदाबाची औषधे सर्वांत आधी. केंद्रावर ती मिळतीलच असे नाही. आजीआजोबांचा चष्मा, कवळीही विसरू नये. निघताना मेन स्विच व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.