कुत्रा एकट्याचा कधीच नव्हता

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात मात्र माझ्या फ्लॅटच्या दारापासून करावी लागणार आहे.

माझ्याकडे खारी नावाची कुत्री आहे. गावठीच. २०२१ साली घरून काम चालू होतं, तेव्हा पार्किंगमध्ये सापडलेलं हे दीड महिन्याचं पिल्लू मी वर घेऊन आलो. पुढची दोन वर्षं ती माझ्या खुर्चीखालीच झोपायची. माझ्या सगळ्या मीटिंग तिने ऐकल्यात. मग ऑफिसला परत बोलावलं. सकाळी साडेनऊला कुलूप लावायचं, ते संध्याकाळी साडेसातला उघडायचं. पुण्याचं ट्रॅफिक धरून दहा तास. तिसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'तुमचं कुत्रं दिवसभर रडतं.' आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, कुत्रं पाळायला घरात माणूस लागतं. तू एकटा, त्यात नोकरी. देऊन टाक कुणाला तरी."

द्यायचं की ठेवायचं, हे काही ठरेना. त्या दिवसांत मी वाचत सुटलो, आणि त्या वाचनातून हा भाग तयार झाला. प्रश्न एकच होता. पोटासाठी दिवसभर राबणारी माणसं पूर्वी कुत्री कशी पाळत होती?

फार मागून सुरू करू. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासल नावाची जागा आहे. १९१४ साली तिथे दगडाच्या खाणीत कामगारांना एक कबर सापडली, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. आत एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत कुत्र्याचं पिल्लू. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लू साधारण सात महिन्यांचं होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला असावा, असं त्यातून दिसलं. आजार कित्येक आठवडे चालला होता. कुत्रं पाळलेल्यांना माहीत असेल, डिस्टेंपर झालेलं पिल्लू आपल्या आपण इतके दिवस तग धरत नाही. कुणीतरी त्याला पाणी पाजलं, पुसलं, ऊब दिली. हे पिल्लू शिकारीच्या काही कामाचं नव्हतं, तरी कुणीतरी त्याच्याजवळ बसलं होतं. हे कुणाला परवडत असेल? मला वाटतं, टोळीला परवडत असेल. सगळेच काही एका वेळी शिकारीला जात नसणार. चार जण बाहेर गेले, तर दोन जण मागे राहत असतील.

आता आपल्याकडे या. मेंढरं घेऊन चाललेला धनगरांचा वाडा तुम्ही रस्त्यात पाहिला असेलच. दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत माळावर यायचं. सोबत घोडी, कोंबड्या, पोरंबाळं आणि कुत्री. रात्री लांडगा आला तर आधी कळतं ते कुत्र्याला. धन्याचं काम आणि कुत्र्याचं काम एकाच माळावर चालतं. तिथे 'कामावर जाताना कुत्र्याचं काय करायचं' हा प्रश्नच पडत नाही.

इंग्लंडमध्ये तर एके काळी कुत्र्यालाच पूर्णवेळ नोकरी होती. मोठ्या स्वयंपाकघरांत भिंतीवर लाकडी चाक असायचं. आखूड पायांचा कुत्रा त्या चाकात चालत राहायचा आणि खाली विस्तवावर मांसाची सळई फिरत राहायची. काम इतकं कंटाळवाणं की बऱ्याच घरांत आळीपाळीने दोन कुत्री ठेवायचे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकात त्यांची नोंद आहे. पुढे सळई फिरवायला यंत्रं आली, कुत्र्यांचं काम गेलं आणि एकोणिसाव्या शतकात ती जातच संपली. वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात त्यांतला एक पेंढा भरून ठेवलाय. ऑटोमेशनने नोकरी जाण्याची भीती आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या आधी या बिचाऱ्यांच्या वाट्याला आली!

आता मुंबई. ज्यांना एक मालक नव्हता, अशा कुत्र्यांची ही गोष्ट आहे. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम चालवली होती. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर मृतदेहाला कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांच्यात विधी आहे. जूनमध्ये पारशी लोक चिडून रस्त्यावर उतरले, पोलिसांशी मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी कोटातली दुकानं बंद झाली. इतर समाजांचे लोकही त्यात आले. कुलाब्याच्या लष्करी छावणीला जाणारी रसद अडली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभा राहिला. आज आपण ज्यांना सरसकट 'भटकी' म्हणतो, त्या कुत्र्यांसाठी शहरातल्या लोकांनी धंदा बंद ठेवला होता.

मग गिरण्या आल्या. १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि बघता बघता शहर भोंग्यावर चालायला लागलं. घर एकीकडे, काम दुसरीकडे, आणि कामावर ना पोर नेता येत ना कुत्रा. सुरुवातीला आठवड्याची ठरलेली सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी झगडा दिला आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवार मिळाला. रविवारच का, तर त्यांचं एक म्हणणं असं होतं की रविवार हा खंडोबाचा वार. आता खंडोबाचा फोटो आठवा. घोड्याच्या पायाशी कोण असतं? कुत्रा!

माझे आजोबा परळच्या चाळीत वाढले, पुढे गिरणीत तीन पाळ्यांत राबले. त्यांना मी एकदा विचारलं होतं, "आजोबा, तुमच्या चाळीत कुत्रा होता का?" म्हणाले, "होता की. मोत्या." म्हटलं, कुणाचा? तर म्हणाले, "तिसऱ्या माळ्याचा." एका खोलीचं नाव त्यांना सांगताच येईना. रात्रपाळीवाला सकाळी येताना पाव टाकायचा, दुपारी कुणी भाकरीचा तुकडा, आणि पोरं शाळेतून आली की मोत्या त्यांच्या मागे. प्रत्येकाच्या घरी नोकरी होती, पण मोत्या एकटा पडत नव्हता.

शेवटची गोष्ट जपानची. हाचिको तुम्हाला माहीत असतो. रील्सवर दर महिन्याला कुणीतरी त्याच्यावर रडतं. हा अकिता जातीचा कुत्रा, म्हणजे डोंगरातल्या शिकाऱ्यांसोबत राहणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला. जन्म १९२३ च्या नोव्हेंबरचा. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले शेतकी शास्त्राचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्याकडे तो १९२४ च्या जानेवारीत आला. सर कामाला गेले की तो शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघायचा. मे १९२५ मध्ये सर कामावर असतानाच मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. दोघांचा सहवास जेमतेम सव्वा वर्षाचा. त्यानंतर मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत हाचिको त्या स्टेशनवर येत राहिला.

ही गोष्ट आपण नेहमी 'एक माणूस आणि त्याचा कुत्रा' अशी सांगतो. मी मात्र या वेळी बाकीची माणसं मोजली. सर नोकरीवर असताना घरात इतर माणसं होती, जॉन नावाचा दुसरा कुत्राही होता. सर गेल्यावर हाचिको इकडे तिकडे फिरला आणि शेवटी त्यांच्याकडे बागकाम केलेल्या कोबायाशींच्या घरी राहिला. खाऊन पिऊन तिथूनच तो स्टेशनवर जायचा. सुरुवातीला स्टेशनवरची माणसं त्याला हाकलायची. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याच्यावर बातमी आली, मग लोक त्याला खायला घालायला लागले. तो मेल्यावर त्याच्या पोटात याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या चिकनच्या काड्या सापडल्या. मला त्या काड्यांचंच जास्त वाटतं. त्याला आयुष्यभर एका माणसाची ओढ होती हे खरं, पण त्याची दहा वर्षं निघाली ती माळी, रेल्वेवाले आणि रस्त्यावरचे लोक यांच्या जिवावर.

म्हणजे बघा, टोळी, वाडा, चाळ, स्टेशन. जिथे जिथे शोधलं, तिथे कुत्र्याच्या भोवती चार माणसं होतीच. एक माणूस, एक पगार, एक किल्ली आणि आत दहा तास एक कुत्रा, ही रीत मला यातल्या एकाही गोष्टीत दिसली नाही. आई बरोबरच बोलली होती. घरात माणूस लागतं. फक्त ते माणूस माझ्याच घरातलं असायला हवं, असं कुठे आहे?

मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. मेसेज त्यांचाच होता. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, तक्रार नव्हती ती. एकटं पडतं म्हणून रडतं ते, एवढंच सांगायचं होतं. एक किल्ली देऊन ठेव ना."

आता दुपारी एकला काकू वर येतात. पाचला समोरच्या विंगमधला एक कॉलेजचा मुलगा तिला फिरवून आणतो, त्याला मी महिन्याचे पैसे देतो. बुधवारी मी घरून काम करतो. खारी अजूनही सकाळी दार लागलं की दहा-पंधरा मिनिटं रडते. काकू ते रेकॉर्ड करून पाठवतात आणि माझा तो दिवस जरा जडच जातो. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पण ती माझ्याकडेच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण नोकरीवाले आहात आणि पिल्लू आणायचा विचार करताय, हे मला तुमच्या मेसेजमधून कळतं. आणण्याआधी घराचे स्क्वेअर फूट मोजू नका. तुमची किल्ली हक्काने ठेवता येईल अशी माणसं किती, ते मोजा. एकही नसेल, तर आधी ती जोडा, पिल्लू नंतर आणा.

आज रविवार आहे. रेकॉर्डिंग संपलं की आम्ही दोघं टेकडीवर चाललोय. भेटू पुढच्या भागात.