एका रायफलीची वंशावळ

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत कुळांच्या वंशावळी नेहमीच छापल्या जातात. यंदा आम्ही एका रायफलीची वंशावळ वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय प्रथमदर्शनी परका वाटेल; परंतु ज्या घरांतील मुलामुलींनी राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतीत ‘थ्री-नॉट-थ्री’ खांद्यावर घेतली आहे, त्यांस तिची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

स्कॉटलंडात जन्मलेल्या व कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली याने योजिलेला बोल्ट आणि लंडनच्या उत्तरेकडील एनफील्ड कारखान्याची नळी यांच्या संयोगातून १८९५ साली ली-एनफील्ड रायफल सिद्ध झाली. दहा काडतुसांची पेटी व चपळ बोल्ट ही तिची वैशिष्ट्ये होत. १९०७ साली तिचा तिसरा नमुना निघाला. कलकत्त्याजवळील ईशापूर येथे हीच रायफल घडू लागली आणि स्वातंत्र्यानंतरही घडत राहिली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका व इटलीच्या रणभूमीवर हीच हाती धरली होती.

युद्ध संपले आणि लक्षावधी रायफली निरुपयोगी ठरल्या. सरकारांनी त्या स्वस्तात विकल्या. अमेरिकेत शिकारी व हौशी नेमबाज यांनी त्या घेतल्या. १९६८ च्या कायद्याने तेथील आयात थांबली. १९८० नंतरच्या दशकात ती पुन्हा सुरू झाली व ईशापूरचा मालही तेथे पोहोचला.

जाणता संग्राहक रायफल हाती घेताच बोल्टवरील व मुख्य सांगाड्यावरील क्रमांक जुळतात की नाही हे पाहतो. कारण प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलीस बसविलेला असतो आणि परका बोल्ट चालविणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहून ओलावा धरतात. म्हणून नेमबाजी होताच तो नळी कढत पाण्याने धुतो, मग तेल देतो. लोखंडावरील ठसे तर इतिहासाची पानेच होत: आधी ब्रिटिश राजमुकुट, स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह. कारखाना तोच, धनी बदलला.

आपल्याकडे हा छंद सामान्य माणसास सुलभ नाही. .३०३ हे निषिद्ध बोअर गणले जाते, नागरिकांसाठी ईशापूरने.३१५ ची रायफल घडविली. पोलिसांनी मात्र ही जुनी रायफल दीर्घकाळ वापरली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर काहींच्या हाती हीच होती. जुन्या वस्तूंवर प्रेम करावे, पण रक्षकांच्या हाती त्या राहू देऊ नयेत, हा धडा त्या रात्रीने दिला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० साली तिला निरोप दिला.

आता सभासद कुटुंबांस एक विनंती. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांची पलटणीची पोथी आम्ही रद्दीत जाऊ दिली. त्यांनी कोणत्या पलटणीत व कोठे चाकरी केली, हे आज सांगणारे कोणी नाही. रायफलीच्या लोखंडावर तिचा क्रमांक व साल कोरलेले असते. माणसाच्या बाबतीत ते आपणच लिहून ठेवावे लागते. ज्यांच्या घरी पदके, पत्रे वा सेवापुस्तके असतील, त्यांनी पलटणीचे नाव, क्रमांक व साल टिपून पुढील अंकासाठी संस्थेकडे धाडावे. वारसाहक्काने परवान्याचे शस्त्र आले असल्यास ते दडवू नये; रीतसर नोंदवावे अथवा सरकारजमा करावे. शस्त्र गेले तरी चालेल, त्यामागचा माणूस विस्मृतीत जाऊ नये, एवढीच आमची इच्छा.