डोंगरउतारावरील गवत आणि ट्रॅक्टरची निवड

मुळशी, मावळ, कर्जत, माणगावपासून थेट दापोली-गुहागरपर्यंत डोंगराच्या कुशीत जमीन घेऊन तेथे टुमदार घर बांधण्याची हौस मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गात गेल्या दोन-तीन दशकांत चांगलीच रुजली आहे. जागा पाहायला जाणारा सहसा हिवाळ्यात जातो आणि समोरच्या दरीवर लुब्ध होऊन परततो. त्याच जागेवर गणपतीच्या सुमारास छातीएवढे गवत उभे राहते, दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारच्या डोंगरावरून उतरलेला वणवा त्याच गवताच्या वाटेने आंबा-काजूच्या कलमांपर्यंत, कधी घराच्या पडवीपर्यंत येऊन पोहोचतो. कोयता-विळा घेऊन दोन-चार एकर साफ करून देणारी माणसे आता ऐन हंगामात सहजी मिळत नाहीत. अशा वेळी मालकाच्या मनात येतो तो लहानसा ट्रॅक्टर. त्यावर ऐटीत बसावे आणि सकाळच्या प्रहरात सारी जमीन साफ करावी, हे चित्र मोहक आहे. फक्त ते सपाट जमिनीवरचे आहे.

या चित्राचे मूळ अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शहरांभोवती अर्धा-एक एकराच्या अंगणांची उपनगरे वाढली आणि त्या अंगणांसाठी शेतीच्या ट्रॅक्टरची छोटी आवृत्ती निघाली. जॉन डिअर या कंपनीने १९६३ मध्ये ‘११०’ हे आपले पहिले उद्यान-ट्रॅक्टर बाजारात आणले. या वर्गात आजही दोन जाती आहेत आणि त्यांतील फरक उतारावर जीवघेणा ठरू शकतो. लॉन ट्रॅक्टर ही केवळ हिरवळ कापण्यासाठी केलेली हलकी गाडी असते; तिची चौकट पातळ पत्र्याची आणि मागचा गिअरबॉक्स हलक्या कामापुरता. गार्डन ट्रॅक्टरची चौकट जड, मागची चाके मोठी आणि गिअरबॉक्स ओढकामाचा भार सोसणारा असतो. सपाट अंगणात दोन्ही सारखेच काम करतात. चढावर मात्र हलक्या गाडीच्या गिअरबॉक्समधील तेल तापते, पातळ होते आणि ओढ कमी कमी होत जाते.

सह्याद्रीतील खरेदीदाराच्या दृष्टीने याहून मोठी अडचण वेगळीच आहे. या गाड्यांच्या पोटाखाली बसवलेले पाते दर आठवड्याला कापल्या जाणाऱ्या वीतभर हिरवळीसाठी असते. कमरेएवढी कुसळी किंवा पावसाळ्यानंतरचे राठ गवत त्यात घुसले की पात्याचे घर तुंबते, पट्टा घसरतो. शिवाय परदेशी बनावटीच्या गाडीचा पट्टा तुटला तर तो तालुक्याच्या गावी मिळत नाही. त्यामुळे येथे व्यवहार्य पर्याय उरतो तो १५ ते २५ अश्वशक्तीच्या देशी मिनी ट्रॅक्टरचा आणि त्याच्या मागे पीटीओवर फिरणाऱ्या स्लॅशरचा. महिंद्रा, स्वराज, व्हीएसटी, कुबोटा अशा कंपन्यांचे या गटातील ट्रॅक्टर येथे विकले जातात आणि त्यांतील अनेकांची दुरुस्ती जवळच्या बाजारपेठेत होऊ शकते.

येथवर आल्यावर बहुतेक खरेदीदार अश्वशक्ती आणि किंमत यांची तुलना करू लागतात. तुलना सुरू व्हायला हवी ती जमिनीपासून. ट्रॅक्टर कोणता घ्यायचा हे जमिनीचा सरासरी उतार ठरवत नाही. ज्या सर्वांत तीव्र तुकड्यावर तो न्यायचा आहे, तो तुकडा ठरवतो. आणि हा उतार डोळ्यांना कधीच खरा दिसत नाही. 

मोजण्याची रीत गवंड्याच्या पाणसळीने भागते. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी उताराच्या दिशेने धरावी, वरचे टोक जमिनीला टेकवावे, पाणसळ ठेवून पट्टी समतल करावी आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते ३५ सेंटिमीटर भरले तर उतार सुमारे १० अंशांचा, ५४ भरले तर १५ अंशांचा आणि ७३ भरले तर २० अंशांचा. बांधकामाच्या परवानगीच्या निमित्ताने १:५ या उताराचा उल्लेख अनेकांच्या कानावर आलेला असतो. तो उतार याच पट्टीवर ४० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ११ अंश दाखवील. घर जेथे बांधता येते तेथे ट्रॅक्टर बहुधा चालतो. प्रश्न असतो तो घराच्या वरच्या आणि खालच्या तुकड्यांचा.

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या बहुतेक पुस्तिकांत १५ अंश ही कमाल मर्यादा दिलेली आढळते, काहींत ती १० अंशच असते. अमेरिकी पुस्तिकांत तर १५ अंशांची तिरकी रेघ छापलेले एक पान असते. ते रेघेवर दुमडून दूरच्या खांबाशी किंवा झाडाशी जुळवून पाहायचे असते. ट्रॅक्टर एवढ्या कोनात लगेच उलटत नाही, मग मर्यादा इतकी खाली का, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर साध्या भूमितीत आहे.

समजा, एका लहान ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांमधील अंतर ९० सेंटिमीटर आहे आणि चालक बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर येतो. असा ट्रॅक्टर आडव्या दिशेने सुमारे ३७ अंश कलला की उलटणार. तो १५ अंशांच्या उतारावर आडवा चालला आहे. गवतात दडलेल्या १५ सेंटिमीटरच्या जांभ्या दगडावर त्याचे वरच्या बाजूचे चाक चढले, तर कल साडेनऊ अंशांनी वाढतो. त्याच क्षणी खालचे चाक तेवढ्याच खोल खड्ड्यात गेले तर आणखी तेवढाच. बेरीज ३४ अंशांची होते. उरलेले तीन अंश टायर दबण्याने किंवा चालकाने घाबरून स्टिअरिंग वरच्या बाजूला फिरवल्याने भरून निघतात. दगड आणि खड्डा एकाच वेळी लागणे दुर्मीळ वाटेल. पण जेथे कलमांसाठी एकेकाळी खड्डे खणले आणि त्यांतून निघालेले दगड बाजूला टाकले, त्या जमिनीवर ते मुळीच दुर्मीळ नाही.

हेच उदाहरण चाकांमधील अंतर १२० सेंटिमीटर धरून केले तर ट्रॅक्टर ४५ अंशांवर उलटेल आणि दगड-खड्ड्यासह कल तिशीच्या आत राहील. येथे देशी मिनी ट्रॅक्टरचा एक स्वभावदोष समोर येतो. यांतील अनेक ट्रॅक्टर द्राक्षे, कापूस, ऊस यांच्या ओळींमधून फिरावेत म्हणून मुद्दाम अरुंद केलेले असतात. विक्रेता हा अरुंदपणा गुण म्हणून सांगतो, आणि नाशिकच्या द्राक्षबागेत तो गुणच आहे. डोंगरउतारावर तो दोष ठरतो. काही ट्रॅक्टरांची मागची चाके उलटी बसवून त्यांच्यातील अंतर वाढवता येते. तशी सोय आहे का आणि वाढवून अंतर किती होते, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता टेपने मोजून घ्यावे. कोकणातील आंब्याची जुनी लागवड दहा-दहा मीटरवर असल्याने रुंद ट्रॅक्टरला तेथे अडचण नसते. घन लागवडीच्या बागेत मात्र हा हिशेब आधी करावा लागतो.

रुंदीनंतर चाकांची पकड. फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग चढण्यासाठी आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. उतरताना तो अधिक कामी येतो. लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांवर असतात. तीव्र उतारावरून खाली येताना भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक दाबताच चाके थांबतात पण ट्रॅक्टर गवतावरून घसरत राहतो. पुढची चाकेही इंजिनाला जोडलेली असतील तर इंजिनाचा अटकाव चारही चाकांना मिळतो. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरवर उतारावर क्लच दाबणे हा यामुळेच सर्वांत मोठा प्रमाद मानला जातो: क्लच दाबला की इंजिनाचा हा अटकाव नाहीसा होतो. हायड्रोस्टॅटिक गाडीत पॅडल सोडल्यावर गती आपोआप कमी होते, हा नवशिक्यासाठी मोठा दिलासा. पण या प्रकारचे ट्रॅक्टर भारतात अजून थोडेच आहेत आणि महाग आहेत. डिफरन्शियल लॉक असावा, मात्र वळताना तो सोडलेला असावा. टायर खोल नक्षीचे, शेतीचे घ्यावेत. मागच्या टायरांत पाणी भरण्याची जुनी पद्धत उतारावर विशेष उपयोगी आहे, कारण ते वजन अगदी खाली राहते.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाड्यांबाबत इंजिनातील तेलाची चौकशी करावी. ज्या इंजिनात तेल केवळ उसळवून भागांना लावले जाते, त्यात गाडी बराच वेळ कलती राहिली तर तेल एका बाजूला जमते आणि इंजिन आतून कोरडे पडते. पंपाने तेल पोहोचवणारे इंजिन या बाबतीत अधिक भरवशाचे.

या सर्वांच्या वर आहे ती चालकामागची लोखंडी कमान. ट्रॅक्टर उलटलाच तर तो पूर्ण पालथा होऊ नये आणि चालकाभोवती जागा राहावी, एवढेच तिचे काम. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि पुढील काही दशकांत तेथील ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. अमेरिकेत १९८५ पासून २० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ती उत्पादकांनी आपण होऊन बसवायला घेतली. आपल्याकडे लहान ट्रॅक्टरांवर ती पुष्कळदा दिसत नाही, आणि बागेत फांद्यांना अडते म्हणून असलेली कमानही काढून ठेवली जाते. दुमडणारी कमान मिळते. ती घ्यावी आणि उतारावर उभी ठेवावी. कमान असेल तर सीटबेल्ट लावलाच पाहिजे, नाहीतर चालक कमानीच्या बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. उलट, कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट बांधू नये.

चालवण्याची दिशाही यंत्रानुसार बदलते. बसून चालवायचा ट्रॅक्टर उतारावर सरळ वर-खाली न्यावा, आडवा नेऊ नये. हाताने ढकलायचे यंत्र मात्र आडवे चालवावे, कारण तेथे धोका यंत्र उलटण्याचा नसून माणसाचा पाय घसरून पात्याखाली जाण्याचा असतो. चढ फारच उभा असेल तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये वर न्यावा आणि पुढच्या तोंडाने खाली आणावा. चढावर पुढे तोंड करून थांबलेल्या ट्रॅक्टरचा क्लच झटक्यात सोडला तर पुढची चाके उचलली जाऊन तो मागच्या आसाभोवती पालथा होतो, आणि याला जेमतेम दीड सेकंद लागतो. त्यातील पहिल्या पाऊण सेकंदानंतर चालकाच्या हाती काही उरलेले नसते.

१५ अंशांपुढच्या तुकड्यांसाठी वेगळी यंत्रे अस्तित्वात आहेत. स्वित्झर्लंडमधील एबी या कंपनीची यंत्रे आल्प्सच्या उतारांसाठीच बनतात. ती बसकी, रुंद आणि चारही चाकांनी ओढणारी असतात. त्यांची किंमत पाहता येथील मालकाने त्यांची छायाचित्रे पाहून समाधान मानावे हे बरे. आल्प्समधील लहान शेतकरी मात्र हाताने धरायचे दुचाकी ट्रॅक्टर आणि त्यापुढे कात्रीसारखे सरकणारे पाते वापरतात, आणि तसा पर्याय आपल्याकडे पॉवर टिलरच्या रूपाने अगदी अनोळखी नाही. त्याहून उभ्या जागी, तसेच सलग समतल चर खणलेल्या, गडगे घातलेल्या किंवा कातळ वर आलेल्या जमिनीवर कोकणात ज्याला सर्रास ग्रासकटर म्हणतात ते खांद्यावरचे यंत्रच खरे. त्यासोबत चष्मा, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि जाड कापडाचा ॲप्रन घ्यावा. उडालेला जांभ्याचा खडा आणि गवतातले फुरसे, दोघांपासूनही जपायला हवे. दोन एकरांपैकी पाऊण एकर ट्रॅक्टरचा आणि उरलेला ग्रासकटरचा, अशी वाटणी निघाली तर ट्रॅक्टर विकत घेण्याऐवजी वर्षातून दोनदा गावातला भाड्याने आणणे स्वस्त पडते. हे गणित विक्रेता मांडून दाखवत नाही.

खरेदी ठरलीच तर प्रात्यक्षिक दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर न घेता स्वतःच्या जमिनीवर, स्लॅशर जोडून आणि शक्यतो गवत उभे असताना मागावे. त्याआधी दगड वेचून, खड्डे बुजवून आणि खुंटांना चुना लावून ठेवावा. सातबारा नावावर असणाऱ्यांनी महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजना पाहाव्यात, मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी पैसे भरू नयेत.

कापणी पाऊस ओसरल्यावर, पण गवत वाळण्यापूर्वी आणि कुसळीला कुसे येण्यापूर्वी करावी. ओले गवत टायरखाली साबणासारखे वागते, म्हणून सकाळचे दव उतरल्यावरच ट्रॅक्टर उतारावर काढावा. पाते चार बोटे उंच ठेवावे. मुळाशी खरडलेल्या उतारावरची माती पुढच्या जूनमध्ये ओढ्याला जाते. पहिली फेरी हद्दीलगतच्या जाळरेषेची घ्यावी आणि कापलेले गवत तेथेच पडू न देता कलमांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरावे किंवा गावातल्या गुरांना द्यावे, कारण जाळरेषेवर वाळत पडलेले गवत उभ्या गवताइतकेच पेटते. ट्रॅक्टर ठेवताना सपाट जागा शोधावी, स्लॅशर जमिनीला टेकवावा, गिअर टाकून किल्ली काढावी आणि मागच्या चाकांखाली लाकडी उटी लावावी.