सक्तीची तपासणी? ती करून झाली आहे!

मागच्या एपिसोडनंतर लातूरच्या एका मित्राचा मेसेज आला. "देहविक्री करणाऱ्या बायका नशा करतात, म्हणून रोग पसरतात. सगळ्यांची सक्तीने तपासणी करा की!" मी म्हटलं, अरे, हे दीडशे वर्षांपूर्वीच करून झालंय.

गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होतात म्हणून १८६८ साली इंग्रजांनी सांसर्गिक रोग कायदा आणला. बाईने नाव नोंदवायचं, ठरावीक दिवशी तपासणीला जायचं. रोग निघाला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबणार. आणि गिऱ्हाईकाची तपासणी? ती नाहीच! मुंबईतही हा कायदा लागू झाला. मग बायका नोंदणी टाळून लपायला लागल्या. शेवटी १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. आपलं नांदेड-लातूर तेव्हा निजामाकडे होतं, पण मित्राचा मेसेज वाचून वाटलं, तो विचार इथंही पोचलाय.

आता सांगलीला चला. १९८६ मध्ये चेन्नईत देहविक्री करणाऱ्या महिलांमध्ये देशातले पहिले एचआयव्ही रुग्ण सापडले आणि पुन्हा बोट बायकांकडेच गेलं. पण १९९२ पासून सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने उलटं केलं. वस्तीतल्या बायकांनीच बायकांना माहिती द्यायची, कंडोम वाटायचे. त्यातून १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद.

मग नशेचं काय? धोका आहेच. दारू चढली की "कंडोमशिवाय नाही" हे ठामपणे सांगणं अवघड जातं. सुई दुसऱ्याबरोबर वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ दोन्ही होऊ शकतात. दारूच्या नादात रोजची गोळी चुकली तर विषाणू पुन्हा वाढतो. पण रात्रभर जागायचं, मारहाण सोसायची, त्यात पोलिसांची धास्ती. अशात कुणी पीत असेल, तर तिला दरडावून दारू सुटेल का? ती फक्त दवाखाना टाळेल. १८६८ सारखंच.

आज कायदा बदललाय. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. सरकारी केंद्रात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. माहितीसाठी १०९७, नशा सोडायची असेल तर १४४४६.

मित्राला हेच पाठवलं. तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला, तर तुम्हीही पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!